ठसा, कॉल आणि बारा काळ : इंग्रजी क्रियापद कसे घडले?

१/ मोहर्ली. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील, इरई धरणाच्या जलाशयाजवळचे गाव. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार. पहाटे येथून जिप्सी आत जातात, आणि गाडीत आसपासच्या गावांतला मार्गदर्शक असतो. धुळीतला ताजा ठसा पाहून तो म्हणतो, ‘येथून वाघीण गेली आहे.’ चितळाचा कॉल ऐकून म्हणतो, ‘ती पाण्याकडे येत आहे.’ आणि थांबून वाट पाहताना सांगतो, ‘काल संध्याकाळी ती याच पाणवठ्यावर बसली होती.’ मागच्या बाकावर परदेशी पाहुणे असतील, तर हीच तीन वाक्ये इंग्रजीत सांगावी लागतात.

२/ पहिली दोन वाक्ये सरळ उतरतात : ‘हॅज गॉन’, ‘इज कमिंग’. तिसरे घात करते. शाळेतला तक्ता म्हणतो, ‘बसली होती’ हा पूर्ण भूतकाळ, म्हणून ‘हॅड सॅट’. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो मात्र येथे ‘वॉज सिटिंग’ म्हणेल, किंवा नुसते ‘सॅट’. मग पाहुण्याच्या कपाळावर एक बारीक आठी उमटते आणि बोलणाऱ्याला वाटते, आपल्याला इंग्रजी येत नाही.

वाचकहो, दोष बोलणाऱ्याचा नाही. तो ज्या बारा खणांच्या तक्त्यावर विसंबला, त्या तक्त्याचा एक लांबलचक इतिहास आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

३/ आधी एक भेद मनात पक्का करू. क्रिया केव्हा घडली, हा एक प्रश्न; आणि बोलणारा ती क्रिया कोणत्या अवस्थेत पाहतो आहे, हा दुसरा. पहिल्याला काळ म्हणावे, दुसऱ्याला अवस्था. ठसा पाहून बोललेले वाक्य पूर्ण अवस्थेचे : क्रिया संपली, पण तिची खूण आत्ता समोर आहे. कॉल ऐकून बोललेले वाक्य अपूर्ण अवस्थेचे : क्रिया चालू आहे, आपण तिच्या मध्यावर आहोत. जंगलात वावरणाऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. शाळेच्या पुस्तकात मात्र काळ आणि अवस्था यांची एकच मोळी बांधून तिला ‘बारा काळ’ असे नाव दिलेले असते.

४/ आता इंग्रजीकडे. रूपांवरून पाहिले तर इंग्रजी क्रियापदाला काळ दोनच : वर्तमान आणि भूत. ‘गो’ आणि ‘वेन्ट’, ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’. भविष्यकाळासाठी क्रियापदाच्या अंगात वेगळे रूपच नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठवासीयाने इंग्रजीतून लॅटिनचे व्याकरण लिहिले, तेव्हा लॅटिनचा भविष्यकाळ इंग्रजीत आणताना त्याची पंचाईत झाली. त्याने वर्तमानकाळाचेच रूप वापरले आणि त्याला ‘आज किंवा उद्या’ अशा अर्थाची शेपटी जोडली. आपण ‘मी उद्या चंद्रपूरला जातो’ म्हणतो, तसेच.

५/ भूतकाळाची रूपे दोन घराण्यांतून आली. एक जुने घराणे, शब्दाच्या पोटातला स्वर बदलणारे : ‘सिंग’चे ‘सँग’, ‘कम’चे ‘केम’. दुसरे, शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ जोडणारे : ‘वॉक्ड’, ‘स्लेप्ट’. हा ‘ड’ मुळात ‘डू’ या क्रियापदाच्या भूतकाळाचा झिजून चिकटलेला अवशेष आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. विचित्र वाटते? मग आपले पाहा : ‘फोन केला’, ‘डाउनलोड केले’. परका शब्द घ्यायचा आणि काळाचा भार ‘करणे’वर टाकायचा. नव्या शब्दांना ही सोय बरी पडते, म्हणून इंग्रजीतही दुसरे घराणे वाढत गेले. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता. आज ‘हेल्प्ड’ आहे.

६/ पूर्ण अवस्थेची कथा तर एखाद्या उत्खननासारखी. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. जुन्या इंग्रजीत ‘मी त्याला बांधलेला ठेवून आहे’ अशा घाटाची वाक्ये होती : माणूस ताब्यात आहे आणि तो बांधलेल्या स्थितीत आहे. हळूहळू ताब्याचा अर्थ विरला आणि ‘मी त्याला बांधले आहे’ एवढेच उरले. मालकी सांगणारा शब्द अवस्था सांगू लागला.

गंमत पुढे आहे. त्या जुन्या वाक्यांत ‘बांधलेला’ हा शब्द कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत असे. इंग्रजीने ते केव्हाच सोडले. मराठीने नाही : मी आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, आंबे खाल्ले. ज्या वळणावरून इंग्रजी पुढे निघून गेली, तेथे मराठी आजही उभी आहे.

७/ येणे-जाणे अशा गतिवाचक क्रियापदांना तर जुनी इंग्रजी ‘हॅव’ लावतच नसे, ‘बी’ लावी. ‘ही हॅज कम’ऐवजी ‘ही इज कम’. शब्दशः ‘तो आला आहे’! सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हे रूप सर्रास आढळते. पुढे ‘हॅव’ने सगळीकडे हातपाय पसरले आणि ‘इज कम’ मागे पडले. ‘इज गॉन’ तेवढे एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखे उभे राहिले. म्हणून मराठी विद्यार्थ्याने चुकून ‘ही इज कम’ लिहिले, तर ती चूक चारशे वर्षांपूर्वी चूक नव्हती, हे शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावे.

८/ अपूर्ण अवस्थेचे ‘-इंग’ दोन प्रवाहांच्या संगमातून आले. एक, ‘करत’ या अर्थाचे जुने धातुसाधित. दुसरे, ‘करणे’ या अर्थाचे नाम. मध्ययुगीन इंग्रजीत दोघांचे रूप एकच झाले. शिवाय ‘तो शिकारीवर आहे’ अशा अर्थाची ‘ऑन हंटिंग’ ही रचना होती. तिचे झिजून ‘अ-हंटिंग’ झाले, आणि अखेर ‘अ’ही गळाला. उरले ‘इज हंटिंग’. मराठीत ‘तो कामावर आहे’ म्हटले की काम चालू असल्याचे कळते. त्याच वाटेने इंग्रजीही चालली.

९/ आणि हे सारे फार जुने आहे असेही नाही. ‘घर बांधले जात आहे’ यासाठी अठराव्या शतकात ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप त्या शतकाच्या उत्तरार्धात डोके वर काढते. एकोणिसाव्या शतकातही अनेक विद्वानांना ते खुपत होते. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन समीक्षकाने १८७० च्या आपल्या पुस्तकात त्यावर कडाडून हल्ला चढवला. आज आपली सहावी-सातवीतली मुले तेच रूप घोकतात. कालची ‘अशुद्ध’ नवलाई आजचा नियम होते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

१०/ राहिला भविष्यकाळ. ‘विल’ म्हणजे मुळात इच्छा असणे. ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे, कर्तव्य असणे. जे करावेसे वाटते आणि जे करणे भाग आहे, त्या दोहोंकडून उसनवारी करून इंग्रजीने आपले भविष्य उभे केले. मराठीने वेगळी वाट धरली : ‘जाणार’ हा मुळात ‘जाणारा’ या कर्त्याचा भाऊ. ‘ती येणार आहे’ म्हणजे ‘ती येणारी अशी आहे’.

११/ म्हणजे हिशेब असा. स्वतःच्या रूपाने दोन काळ, भविष्यासाठी ‘विल’, आणि अवस्थांसाठी दोन मदतनीस, ‘हॅव’ आणि ‘बी’. प्रत्येक मदतनीस आपल्यानंतरच्या शब्दाला एक रूप घ्यायला लावतो. ‘विल’नंतर मूळ रूप. ‘हॅव’नंतर तिसरे रूप. ‘बी’नंतर ‘-इंग’. क्रम ठरलेला : विल, हॅव, बी, मुख्य क्रियापद. वर्तमान की भूत, ही खूण मात्र साखळीतल्या पहिल्या शब्दावरच.

‘शी हॅज बीन स्लीपिंग’ उलगडून पाहा. ‘हॅज’वर वर्तमानकाळाची खूण, ‘हॅव’मुळे ‘बी’चे ‘बीन’, ‘बी’मुळे ‘स्लीप’चे ‘स्लीपिंग’. नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात ही साखळी काही ओळींच्या सूत्रात बसवून दाखवली.

१२/ आता बारा कसे होतात पाहा. ‘हॅव’ घ्या किंवा सोडा : दोन पर्याय. ‘बी’ घ्या किंवा सोडा : दोन पर्याय. गुणाकार चार. त्यांना वर्तमान, भूत आणि ‘विल’ या तिघांनी गुणा : बारा. पाठ करायच्या बारा गोष्टी नाहीतच. आहे ती चार-पाच तुकड्यांची जोडणी.

मराठीतही असेच यंत्र आहे. ‘गेली’ आणि ‘जात’ हे दोन तुकडे घ्या, पुढे ‘आहे’, ‘होती’, ‘असेल’ लावा. गेली आहे, गेली होती, गेली असेल. जात आहे, जात होती, जात असेल. हे यंत्र मोहर्लीचे पाच वर्षांचे मूलही बिनचूक चालवते.

१३/ मग इतकी साधी गोष्ट तक्त्याच्या ओझ्याखाली कशी गेली? कारण युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण, अशी शतकानुशतके समजूत होती. लॅटिनच्या क्रियापदाला सहा काळ. म्हणून इंग्रजीलाही सहा हवेत.

याला जॉन वॉलिस यांनी १६५३ सालीच हरकत घेतली. हे वॉलिस म्हणजे अनंताचे ∞ हे चिन्ह गणितात आणणारे गणिती. त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहिले लॅटिन भाषेत, पण त्यात स्पष्ट सांगितले की इंग्रजीला काळ दोनच. बाकीचे काम मदतनीस क्रियापदे करतात.

१४/ वॉलिस मागे पडले. बाजी मारली लिंडले मरे यांनी. अमेरिकेत जन्मलेले, इंग्लंडमधील यॉर्कजवळ स्थायिक झालेले मरे यांनी तेथील क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिले. ते १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढची काही दशके इंग्रजी शिकवणाऱ्या जगावर त्याचे राज्य होते. त्यात सहा काळ होते, लॅटिनच्या मापाने बेतलेले. माप किती तोकडे पडले पाहा : ‘आय लव्ह्ड’ या साध्या भूतकाळाला मरे ‘अपूर्ण काळ’ म्हणतात! नाव लॅटिनचे, रूप इंग्रजीचे. दोघांची गाठ पुस्तकापुरती.

१५/ याच काळात युरोपीय व्याकरणाची मांडणी आपल्याकडे आली. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपुरातून निघाले. १८३६ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. तेव्हा दादोबा अवघे बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व्याकरणांची मांडणी आणि संस्कृतची परिभाषा या दोहोंचा मेळ घालून त्यांनी मराठीला शालेय व्याकरण दिले. पुढे त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले गेले, ते उगीच नव्हे.

१६/ खुद्द पाणिनींची दृष्टी मात्र निराळी होती. त्यांनी क्रियापदांच्या रूपांना लट्, लङ्, लिट्, लुङ् अशी सांकेतिक नावे दिली. रूप आधी, त्याचा अर्थ नंतर. संस्कृतात भूतकाळ तीन : लुङ् सर्वसाधारण, लङ् आजच्या पूर्वीचा, आणि लिट् आजच्या पूर्वीचा असून बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेला, म्हणजे परोक्ष. ताडोबाच्या जंगलात वाघाशी लढताना मरण पावलेल्या आणि देव म्हणून पूजल्या जाणाऱ्या तारूची आख्यायिका पाणिनींच्या संस्कृतात सांगायची, तर लिट् हवा. काल डोळ्यांनी पाहिलेल्या वाघिणीला लङ्. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याची ही शिस्त मार्गदर्शकाच्या फार कामाची!

१७/ रूपाला रूपाच्या नावाने ओळखण्याची ही रीत मराठी व्याकरणातही टिकली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या प्रचंड ग्रंथात ताख्यात, लाख्यात, ई-आख्यात, ईलाख्यात, वाख्यात अशी नावे भेटतात. ‘करतो’मध्ये ‘त’, म्हणून ताख्यात. ‘गेला’मध्ये ‘ल’, म्हणून लाख्यात. नावे ऐकून हसू येते, पण त्यांत शहाणपण आहे : रूप एक असते, त्याचे काळ मात्र बदलू शकतात.

१८/ पुरावा? ‘दाम करी काम.’ ‘देव तारी त्याला कोण मारी.’ या म्हणींतले ‘करी’, ‘तारी’, ‘मारी’ वर्तमानकाळी आहेत : दाम काम करतो. ज्ञानेश्वरांच्या काळी हेच वर्तमानकाळाचे रूप होते. आता हे वाक्य वाचा : ‘माझे आजोबा रोज पहाटे व्यायाम करी.’ नाही, ‘करीत’ म्हणू, आजोबांचा मान राखू. पण काळ कोणता? रीतिभूतकाळ! वर्तमानाचे रूप भूतकाळात कसे गेले? ‘करत’ या धातुसाधितापासून बनलेले ‘करतो’ हे नवे रूप आले, त्याने वर्तमानकाळाची जागा घेतली आणि जुन्या रूपाला मागे सारले. म्हणी तेवढ्या जुन्या जागी राहिल्या.

१९/ आणि इंग्रजीत? शेक्सपिअरच्या काळात ‘आय गो’ म्हणजे ‘मी आत्ता जात आहे’ असाही अर्थ होई. ‘आय अ‍ॅम गोइंग’ बळावले, त्याने ‘आत्ता’ची जागा घेतली, आणि ‘आय गो’च्या वाट्याला मुख्यतः रोजची सवय उरली. दोन भाषा, हजारो मैलांचे अंतर, चाल एकच : नवे रूप येते, जुन्याला सवयीच्या कोपऱ्यात ढकलते. क्रियापदाचा तक्ता म्हणजे अशा ढकलाढकलीचे एका क्षणाचे छायाचित्र. आपण त्याला शिलालेख समजून बसलो.

२०/ शिलालेख समजण्याला आपल्या शिकण्याच्या पद्धतीचाही हातभार लागला. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीचे दार उघडून दिले. हे ऋण मोठे आहे. पण भाषांतराच्या वाटेने शिकताना एक सवय मनात रुजते : मराठीच्या एका रूपासमोर इंग्रजीचे एकच रूप. ‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’, कायमचे.

प्रत्यक्षात मराठीचे ‘होतो’ बहुधा एवढेच सांगते की घटना मागे पडली, तिचा आजशी धागा तुटला. इंग्रजीचे ‘हॅड’ त्याहून काटेकोर आहे : भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधी घडलेले. ‘आम्ही पोहोचलो तेव्हा वाघीण निघून गेली होती.’ येथे ‘हॅड गॉन’ अगदी चपखल. ‘काल मी नागपूरला गेलो होतो’, येथे मात्र साधे ‘वेन्ट’. नाव दोन्हीकडे पूर्ण भूतकाळ; काम वेगळे.

२१/ आता पुन्हा मोहर्ली. या प्रदेशाने भाषा थरांनी साठवल्या आहेत. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले; १८५४ मध्ये इंग्रजांचा अंमल आला; १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. गोंडी, मराठी, झाडीबोली, तेलुगू, हिंदी आणि वर इंग्रजी. येथील अनेक घरांत आजीची भाषा गोंडी. ती द्राविडी कुळातली. तिच्यात धातूला काळाची खूण आणि तिच्यापुढे कर्त्याची खूण, असे मणी ओवावेत तसे क्रियापद ओवले जाते. म्हणजे गोंडी घरातले मूल शाळेत येण्यापूर्वीच क्रियापद तुकड्यांनी जोडायला शिकलेले असते.

२२/ २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. ताडोबा हे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. आणि त्याच्या दारातल्या गावांसाठी इंग्रजी ही आता हौस नाही, रोजगार आहे. चांगले बोलणाऱ्या मार्गदर्शकाला पाहुणे पुन्हा शोधत येतात. अशा ठिकाणी बारा खणांचा तक्ता भिंतीवर टांगून ‘पाठ करा’ म्हणणे, म्हणजे वाट ओळखणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्या हाती नकाशा देणे होय.

२३/ त्याला एवढेच सांगावे. ठसा दिसतो आहे? मग ‘हॅज’ आणि तिसरे रूप : घडून गेलेले, पण खूण समोर. कॉल चालू आहे? मग ‘इज’ आणि ‘-इंग’. ‘काल’ म्हटलेस? मग ‘हॅज’ सोड. घटना कालच्या दिवसात बंद झाली, साधा भूतकाळ पुरे. कालची वाघीण बसलेल्या अवस्थेत डोळ्यांपुढे आणायची आहे? मग ‘वॉज सिटिंग’. आणि आपण पोहोचण्याआधीच ती निसटली? तेव्हाच ‘हॅड’.

२४/ समारोप. ‘हॅव’ एके काळी मालकी होती, ‘विल’ इच्छा, ‘शॅल’ ऋण. आणि ‘-एड’ कदाचित झिजलेले ‘केले’. सामान्य माणसांनी शतकानुशतके बोलता बोलता या शब्दांची धार बोथट केली आणि त्यांतून व्याकरण घडले. व्याकरणकार मागाहून आले आणि त्यांनी नावे दिली. कधी नेमकी, कधी उसनी. तेव्हा मित्रांनो, यापुढे कोणी तुमच्या ‘हॅड गॉन’ला हसले, तर खजील होऊ नका. रूप सुधारा, जरूर सुधारा. पण हेही ध्यानी ठेवा की ते रूप म्हणजे धुळीतला एक ठसा आहे. येथून कोणीतरी चालत गेले आहे.

तुमच्या बोलीत ‘ती गेली आहे’ आणि ‘ती गेली होती’ कसे म्हणतात? खाली लिहा. झाडीबोली, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोंडी, माडिया, सगळ्यांची वाट पाहतो आहे.